साठवणींतील भुईमूग आणि बुरशीचें विष

भुईमुगाचें पीक घरांत आलें म्हणजे शेतकऱ्याचें काम संपलें, अशी आपल्यापैकीं पुष्कळांची समजूत असते. पेरणी, कोळपणी, खुरपणी, काढणी हीं कामें आपण जीव ओतून करतों. परंतु शेंगा एकदां पोत्यांत भरल्या कीं त्यांजकडे पुन्हां लक्ष जातें तें व्यापाऱ्यानें भाव पाडला म्हणजेच. मधल्या काळांत त्या पोत्यांत काय घडतें याचा विचार करण्याची आपल्यास संवय नाहीं. त्या मधल्या काळाविषयीं चार गोष्टी सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे. विषय साधा दिसला तरी तो केवळ भावाचा नसून घरांतील माणसांच्या व गोठ्यांतील जनावरांच्या जिवाचा आहे, म्हणून तो थोड्या विस्तारानें मांडावा लागत आहे.

दाणा बिघडल्याचें आपण तीन खुणांनीं ओळखतों. चव खवट लागते, रंग काळपट पडतो, किंवा पोतें उघडतांच कुबट वास येतो. यांपैकीं खवटपणा हा दाण्यांतील तेलाचा हवेशीं संयोग होऊन येतो. तो बुरशीचा परिणाम नव्हे. काळा रंग व कुबट वास हे बुरशीचे असतात खरे. पण सर्वच बुरशा विषारी नसतात, आणि जी विषारी असते ती डोळ्यांस दिसेलच असेंहि नाहीं. या तीन खुणांपैकीं एकहि खूण नसतांना दाण्यांत विष असूं शकतें. ही एक गोष्ट ज्याच्या मनांत ठसली त्यास पुढील सर्व सूचनांचें कारण आपोआप कळेल.

विषाचा शोध

१९६० सालीं इंग्लंडांत टर्की नांवाच्या पाळीव पक्ष्यांचीं पिलें एकाएकीं मरूं लागलीं. थोड्या महिन्यांत एक लाखावर पिलें दगावलीं. रोगाचें कारण कळेना, म्हणून त्यास टर्की एक्स रोग असें नांव पडलें. शोध घेतां घेतां असें आढळून आलें कीं, मेलेल्या पिलांच्या खाद्यांत एक वस्तु समान होती, आणि ती म्हणजे ब्राझील देशांतून आलेली भुईमुगाची पेंड. त्या पेंडींत ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीनें निर्माण केलेलें विष सांपडलें. बुरशीच्या नांवांतील आद्य अक्षरें घेऊन शास्त्रज्ञांनीं त्यास अफ्लाटॉक्सिन असें नांव दिलें.

हें विष १९६० सालीं नव्यानें उत्पन्न झालें असें नव्हे. तें पूर्वींहि होतेंच. फक्त त्यास नांव नव्हतें. "आमच्या आजोबांनीं हेच दाणे खाल्ले, त्यांस कांहीं झालें नाहीं," असें पुष्कळ जण म्हणतात. परंतु त्या काळीं कोणी काविळीनें गेला किंवा पोटांत पाणी होऊन गेला, तर त्या मरणाचा संबंध कणगींतील शेंगांशीं जोडून पाहण्याचें साधनच कोणापाशीं नव्हतें. कांहीं झालें नाहीं असें म्हणण्यापेक्षां काय झालें तें कळलें नाहीं, असें म्हणणें अधिक खरें ठरेल.

विषाचा स्वभाव

या विषाचे मुख्य चार प्रकार आहेत. अतिनील किरणांखालीं धरले असतां दोन प्रकार निळे व दोन हिरवे चमकतात, आणि त्यावरून त्यांस बी-१, बी-२, जी-१, जी-२ अशीं नांवें पडलीं आहेत. त्यांत बी-१ सर्वांत घातक आहे. साध्या उजेडांत यांपैकीं एकहि प्रकार डोळ्यांस दिसत नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, हें विष उष्णतेला सहसा जुमानत नाहीं. दाणे उकडले तरी तें जात नाहीं. भाजले तर त्याचा कांहीं भाग कमी होतो, पण सर्व नाहींसा होत नाहीं. भाजण्यानें बुरशी मरते, परंतु तिनें मागें ठेवलेलें विष उरतें. चोर पळाला म्हणून चोरी भरून निघत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. म्हणून भाजलेल्या दाण्यांचें कूट किंवा उपासाची उसळ केली म्हणजे दोष गेला असें समजूं नये.

तिसरी गोष्ट प्रमाणाची. आपल्या देशांतील अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणें पुढील प्रक्रियेसाठीं जाणाऱ्या भुईमुगांत या विषाची मर्यादा एका किलोस १५ मायक्रोग्रॅम, आणि तयार खाण्याच्या दाण्यांस १० मायक्रोग्रॅम अशी आहे. युरोपांतील देशांनीं खाण्याच्या दाण्यांसाठीं ती अवघी ४ ठेविली आहे. १५ मायक्रोग्रॅम म्हणजे दहा क्विंटल दाण्यांत पंधरा मिलिग्रॅम. तांदळाच्या एका दाण्याचें वजन साधारण वीस मिलिग्रॅम भरतें. अर्थात् दहा क्विंटल भुईमुगांत तांदळाच्या एका दाण्याहूनहि कमी वजनाचें विष पडलें तर तो सर्व ढीग मर्यादेस टेकतो.

याच्या उलट बाजू अशी कीं, हें विष ढिगांत सारखें पसरलेलें नसतें. शेंकडों दाणे निर्दोष असतात आणि एखादाच विषानें भरलेला असतो. अत्यंत दूषित अशा एकेका दाण्यांत दर ग्रॅमला एक मिलिग्रॅमपर्यंत विष आढळल्याची नोंद आहे. असा अर्ध्या ग्रॅमचा एकच दाणा धरला तर त्यांतील विष सुमारें तेहतीस किलो चांगल्या दाण्यांस मर्यादेपर्यंत नेण्यास पुरतें. एकाच मालाचा नमुना एका वेळीं पास होतो व दुसऱ्या वेळीं नापास होतो, त्याचें मुख्य कारण हेंच आहे. दर खेपेस त्यांत कोणी लबाडीच केली असें मानूं नये. पण याच हिशेबांत आपला फायदाहि दडलेला आहे. विष थोड्या दाण्यांत एकवटलेलें असेल तर ते थोडे दाणे काढून टाकल्यानें बहुतेक विष निघून जातें. याचा उपयोग पुढें सांगितला आहे.

माणसांवर होणारे परिणाम

मोठ्या प्रमाणांत हें विष पोटांत गेलें तर यकृत एकदम बिघडतें. १९७४ सालीं गुजराथेंतील पंचमहाल व राजस्थानांतील बांसवाडा या जिल्ह्यांत अवेळीं पाऊस पडून मक्याचें पीक भिजलें. तो मका तसाच साठवून गोरगरीब आदिवासी कुटुंबांनीं खाल्ला. कावीळ व पोटांत पाणी अशीं लक्षणें होऊन ३९७ माणसें आजारी पडलीं व त्यांतील १०६ मरण पावलीं. त्याच घरांतील अन्न खाणारीं कुत्रींहि आजारी झालीं. २००४ सालीं आफ्रिकेंतील केनिया देशांत अशाच मक्यानें ३१७ जण आजारी होऊन १२५ मृत्यु झाले. पीक मका असो वा भुईमूग, बुरशी एकच आणि विषहि एकच.

परंतु असे प्रसंग क्वचित् घडतात. नित्याचा धोका निराळा आहे. थोडें थोडें विष वर्षानुवर्षें पोटांत गेल्यानें यकृताचा कर्करोग होतो, हें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें निश्चित केलें असून अफ्लाटॉक्सिनची गणना कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या वर्गांत केली आहे. ज्यांच्या शरीरांत बी प्रकारच्या काविळीचे जंतु आहेत त्यांस हा धोका कित्येक पटींनीं अधिक असतो. पश्चिम आफ्रिकेंतील बेनिन व टोगो या देशांतील लहान मुलांचा अभ्यास २००२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत, ज्या मुलांच्या रक्तांत या विषाच्या खुणा अधिक होत्या त्यांची उंची व वजन वयाच्या मानानें कमी आढळलें. या रोगांत एका दिवशीं कांहीं दिसत नाहीं, म्हणूनच त्याविषयीं जागृति होणें कठीण जातें.

विष कोठून शिरतें

साठवण हें विषाचें घर असलें तरी त्याचें बीं पुष्कळदां शेतांतच पडतें. ही बुरशी जमिनींतच असते, आणि भुईमुगाची शेंग जमिनींतच पोसते. पीक काढणीला येण्यापूर्वींचे तीन ते सहा आठवडे फार महत्त्वाचे आहेत. त्या काळांत पाऊस ओढ देऊन जमीन तापली तर दाण्याची स्वतःची प्रतिकारशक्ति कमी होते व बुरशी आंत शिरते. म्हणून विहिरीचें पाणी असेल त्यानें उत्तरा नक्षत्र कोरडें गेल्यास शेंगा भरण्याच्या वेळीं एक संरक्षक पाणी अवश्य द्यावें. वाळवी व हुमणी यांनीं पोखरलेल्या, किंवा खुरप्यानें व कुदळीनें चिरलेल्या शेंगांतून बुरशीस सरळ वाट मिळते. फुलोऱ्याच्या वेळीं जिप्सम दिल्यानें शेंगेस चुना मिळून टरफल भक्कम होतें व विषाचें प्रमाणहि कमी होतें, असा हैदराबादेजवळ पाटनचेरू येथील आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेचा सल्ला आहे. त्याचें प्रमाण हेक्टरी चारशें ते पांचशें किलो सांगितलें जातें.

काढणी वेळेवर व्हावी. शेंग फोडून टरफलाची आंतली बाजू पाहावी. ती काळसर झालेल्या शेंगा बहुसंख्य झाल्या म्हणजे पीक तयार झालें. त्यापूर्वीं काढलें तर सुरकुतलेले कच्चे दाणे फार येतात व ते लवकर बुरसतात. उशीर केला तर आऱ्या कुजून शेंगा जमिनींत तुटतात. शिवाय उपट्या जातींचे दाणे सुप्तावस्था नसल्यामुळें पाऊस येतांच जागच्या जागीं मोडावतात. जमिनींत राहिलेल्या शेंगा मागाहून वेंचतात, त्या मुख्य मालांत कधींहि मिसळूं नयेत.

वाळवणी

सर्व विषयाचा गाभा येथें आहे. नुकत्या उपटलेल्या शेंगांत शंभरांत पस्तीस ते पन्नास भाग पाणी असतें. शेंगांतील ओलावा आठ टक्क्यांवर व दाण्यांतील सात टक्क्यांवर आला म्हणजे बुरशीस वाढतां येत नाहीं. या दोन टोंकांमधील प्रवास जितका लवकर होईल तितका बरा. आपल्याकडे खरिपाचा भुईमूग हस्त-चित्रांच्या पावसांत निघतो आणि उन्हाळी भुईमूग मृगाच्या तोंडावर निघतो. दोन्हीं वेळीं आभाळ डोक्यावर असतें. म्हणून घाई होते, आणि घाईंत आपण नेमकी मोठी चूक करतों. ती म्हणजे ओले वेल उपटून एकावर एक रचून त्यांचा ढीग घालणें. असा ढीग आंतून तापतो, घामेजतो, आणि दोन रात्रींत बुरशीचें बीं सर्वत्र पसरतें.

योग्य रीति अशी. वेल उपटल्यावर मुळांची माती झटकून ते ओळीनें उलटे ठेवावे, म्हणजे पाला खालीं व शेंगा वर राहून त्यांस ऊन आणि वारा दोन्ही लागतील. दोन-तीन दिवसांनीं शेंगा तोडून ताडपत्रीवर किंवा स्वच्छ सारवलेल्या खळ्यावर पातळ पसराव्या. दिवसांतून तीन-चार वेळां हालवाव्या. सायंकाळीं दंव पडण्यापूर्वीं गोळा करून झांकाव्या व सकाळीं पुन्हां पसराव्या. ऊन कडक असल्यास साधारण आठवडाभरांत शेंगा वाळतात. उन्हाळी हंगामांत बियाण्यासाठीं ठेवावयाच्या शेंगा मात्र प्रखर उन्हांत न ठेवतां सावलींत वाळवाव्या, नाहींतर उगवण कमी होते.

वाळलें कीं नाहीं हें कसें ओळखावें? शेंग कानाजवळ हालविली असतां दाणा खुळखुळला पाहिजे; दाणा चोळला असतां लाल साल सुटली पाहिजे; दाणा मोडला असतां न वांकतां कट्कन तुटला पाहिजे. याखेरीज एक हिशेबी रीति मी स्वतः वापरतों ती सांगतों. तोडलेल्या शेंगांपैकीं दहा किलो शेंगा एका पाटींत वेगळ्या घालून त्या पाटीस खूण बांधावी, आणि ती इतर मालाबरोबरच वाळवावी. रोज सायंकाळीं फक्त शेंगांचें वजन करून वहींत लिहावें. शेंगांत आरंभीं चाळीस टक्के पाणी असेल तर आठ टक्क्यांपर्यंत वाळल्यावर दहा किलोंचे साडेसहा किलो राहतात. आरंभींचा ओलावा कमी-अधिक असेल तर हा आंकडा बदलेल. म्हणून खरी खूण ही कीं, स्वच्छ उन्हाचे दोन दिवस लागोपाठ वजन घटलें नाहीं म्हणजे शेंगा वाळल्या. ढगाळ व दमट हवेंत वजन थांबलें तर ती खूण धरूं नये. तेव्हां शेंगा वाळलेल्या नसतात, हवाच त्यांचें पाणी घेत नसते.

याच हिशेबांतून आपल्या मोहाचेंहि माप निघतें. शंभर किलो ओल्या शेंगा आठ टक्क्यांपर्यंत वाळविल्या तर सुमारें ६५ किलो भरतात. बारा टक्क्यांवरच थांबलें तर ६८ किलो भरतात. हे तीन किलो केवळ पाण्याचे असतात. शंभर रुपयांच्या मालावर ही साडेचार रुपयांची कमाई सहज हातीं येते, म्हणून पुष्कळ जण एक-दोन दिवस आधींच पोतीं शिवतात. त्या साडेचार रुपयांकरितां आपण काय विकतों व काय घरांत ठेवतों हें पूर्वींच्या विवेचनावरून ध्यानांत येईलच.

फोडणी आणि पाण्याचा शिपका

चांगल्या वाळलेल्या शेंगाहि एका वाईट चालीनें वायां जातात. हातानें शेंगा फोडतांना टरफल मऊ यावें व दाणा दुभंगूं नये म्हणून आदल्या रात्रीं ढिगावर पाणी शिंपडण्याची रीत पुष्कळ ठिकाणीं आहे. ही रीत म्हणजे आठ दिवस वाळवून मिळविलेलें एका रात्रींत घालविणें होय. पाणी शिंपडून फोडलेले दाणे पुन्हां न वाळवितां पोत्यांत भरले तर बुरशीस ओलावा, ऊब व उघडा दाणा हीं तिन्हीं एकदम मिळतात. फोडणाऱ्या बायांस मजुरी वजनावर असते. त्यांचीं बोटें सोलतात व म्हणून त्या पाणी मागतात, हें खरें आहे. त्यांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. हातानें फिरवावयाचें फोडणी यंत्र साधें असून तें चार-पांच शेतकऱ्यांनीं मिळून घेतलें तर पाण्याची गरजच राहत नाहीं. तें नसेल तर गरजेपुरत्याच शेंगा कोरड्या फोडाव्या आणि बाकीचा माल शेंगांच्या रूपानेंच ठेवावा. टरफल हें दाण्याचें निसर्गदत्त चिलखत आहे. तें आपण होऊन लवकर उतरवूं नये.

साठवण

पोतीं नवीं किंवा स्वच्छ धुऊन वाळविलेलीं असावीं. गेल्या वर्षीं ज्यांत बुरसलेला माल होता तें बारदान पुन्हां वापरूं नये. पोतीं जमिनीवर किंवा सिमेंटच्या फरशीवर थेट न ठेवतां लांकडी फळ्यांवर ठेवावीं व भिंतीपासून हात-दीड हात अंतर सोडावें, कारण पावसाळ्यांत भिंतींतील ओल पोत्यांत उतरते. छपराची गळती पोतीं रचण्यापूर्वीं पाहावी. शेंगा पोखरणारा भुंगेरा लागला तर त्याच्या श्वासोच्छ्वासानें पोत्यांतील ओलावा व ऊब वाढते आणि किडीच्या मागोमाग बुरशी येते; म्हणून महिन्यांतून एकदां पोत्यांत हात घालून पाहावें. आंतला माल कोंबट लागला तर तत्काळ उन्हांत ओतावा. किडीसाठीं विषारी धुरीच्या गोळ्या राहत्या घरांत कदापि ठेवूं नयेत. हल्लीं हवाबंद तिपदरी पिशव्या मिळतात. त्यांत कीड गुदमरून मरते व बाहेरची दमट हवा आंत जात नाहीं. मात्र त्यांत पूर्ण वाळलेला मालच भरावा. ओला माल हवाबंद केला तर त्याची ओल आंतच कोंडून राहते.

निवड, आणि निवडलेल्याचें काय

सुरकुतलेले, रंग बदललेले, फुटके, किडके, मोडावलेले व हिरवट-पिवळी बुरशी दिसणारे दाणे वेगळे काढले म्हणजे विषाचा बहुतेक भाग त्यांबरोबर निघून जातो. सूप व डोळे यांपलीकडे या कामास कांहीं लागत नाहीं. पण निवड करून प्रश्न सुटत नाहीं. तो तेथें सुरू होतो. निवडून काढलेले दाणे कोठें जातात?

याविषयीं माझ्याच घरची हकीकत सांगणें प्राप्त आहे. मी महसूल खात्यांत कारकून असतांना दर हंगामांत पैसेवारीचे तक्ते लिहिले. पीक किती आलें त्याचा त्यांत रकाना असे. आलेलें पीक खाण्याजोगें आहे कीं नाहीं याचा रकाना नव्हता, आणि माझ्याहि मनांत तो कधीं नव्हता. कांहीं वर्षांपूर्वीं हस्ताच्या पावसांत आमचा उपटलेला भुईमूग चार दिवस शेतांत भिजला. पुढें तो फोडला तेव्हां पुष्कळ दाणे डागी निघाले. आम्हीं निवड मोठ्या काळजीनें केली. उत्तम दाणे बाजारांत गेले. मधले घरीं ठेवले. डागी दाण्यांचे दोन वांटे झाले. एक वांटा फोडणाऱ्या बायांस मजुरीवर वरकड म्हणून दिला, आणि त्या संतोषानें घेऊन गेल्या. दुसरा घाण्यावर पाठविला. तेल दिव्याबत्तीस व तळणास ठेवलें आणि पेंड म्हशीस घातली. कांहीं फुकट गेलें नाहीं याचें आम्हांस समाधान वाटलें. पुढें शेतकी खात्याच्या एका व्याख्यानांत मीं या विषाची माहिती प्रथम ऐकिली, आणि घरीं परत येतांना सर्व वाट त्या सुपांतील डागी दाणे डोळ्यांपुढें दिसत होते. त्या बायांच्या घरीं लहान मुलें होतीं. आणि म्हशीचें दूध तर आमचाच नातू पीत होता.

दुधाचा हिशेब असा आहे. जनावराच्या पोटांत गेलेल्या बी-१ विषाचा शंभरांत साधारण एक ते सहा भाग रूप बदलून दुधांत उतरतो. त्यास एम-१ म्हणतात. आपल्या देशांत दुधांतील त्याची मर्यादा एका किलोस अर्धा मायक्रोग्रॅम आहे. समजा, पेंडींत दर किलोस २०० मायक्रोग्रॅम विष आहे व गाईस रोज दोन किलो पेंड दिली. पोटांत ४०० मायक्रोग्रॅम गेलें. त्याचे दोन टक्के, म्हणजे आठ मायक्रोग्रॅम, आठ लिटर दुधांत उतरले तर प्रत्येक लिटरांत एक मायक्रोग्रॅम झालें. हें मर्यादेच्या दुप्पट आहे. अशी पेंड बंद केली म्हणजे थोड्याच दिवसांत दूध पुन्हां शुद्ध होतें, ही समाधानाची गोष्ट आहे. तेलाविषयीं सांगावयाचें तर घाण्यांत बहुतेक विष पेंडींत राहतें; तरी कच्च्या तेलांत व विशेषतः त्याच्या गाळांत कांहीं अंश उतरतो. कारखान्यांत क्षारानें शुद्ध केलेल्या तेलांत तो जवळजवळ राहत नाहीं. म्हणून घाण्याचें तेल काढावयाचें असेल तर दाणे निवडलेले व चांगलेच घ्यावे. डागी दाणे तेलास चालतात ही समजूत सोडून दिली पाहिजे.

तात्पर्य, निवडून काढलेले दाणे माणसास, गुरांस वा कोंबड्यांस घालूं नयेत, कोणास दान देऊं नयेत व स्वस्तांत विकूंहि नयेत. ते जाळून टाकावे किंवा खोल खड्ड्यांत पुरावे. शेणखताच्या उकिरड्यावर टाकल्यास बुरशी पुन्हां शेतांत जाते. हाताळतांना नाकातोंडास फडकें बांधावें. आपल्या हातून अन्न जाळलें जात आहे असें मनास लागेल. परंतु जें खाऊन माणूस आजारी पडतो त्यास अन्न म्हणण्याचें कारण नाहीं. मजुरांस वरकड द्यावयाचें असेल तर चांगल्या दाण्यांतून द्यावें. पदरीं दाणे कमी पडले तरी चालतील. डागी दाण्यांचें पुण्य नको.

थोड्या खर्चांत काय होतें

वरील उपाय साधे आहेत म्हणून त्यांच्या गुणाविषयीं कोणास शंका येईल. पश्चिम आफ्रिकेंतील गिनी देशांत अगदीं याच उपायांची परीक्षा झाली असून तिचा वृत्तांत २००५ सालीं प्रसिद्ध झाला आहे. भुईमूग पिकविणारीं वीस खेडीं निवडून त्यांपैकीं दहा खेड्यांत शेतकऱ्यांस शेंगा निवडणें, चटयांवर वाळविणें, वाळल्याची खूण ओळखणें, तागासारख्या धाग्याचीं पोतीं वापरणें, तीं लांकडी फळ्यांवर ठेवणें व किडीचा बंदोबस्त करणें हें शिकविलें व त्याचें साहित्य पुरविलें. उरलेल्या दहा खेड्यांत जुनी पद्धति चालूं ठेवली. पांच महिन्यांनीं सुमारें सहाशें माणसांच्या रक्ताची तपासणी केली तेव्हां शिकविलेल्या खेड्यांतील लोकांच्या रक्तांत विषाची खूण इतर खेड्यांच्या मानानें निम्म्याहूनहि कमी निघाली. त्यांत कोणतेंहि मोठें यंत्र नव्हतें.

आपल्या सहकारी संघांनीं या कामीं तीन गोष्टी मनावर घ्याव्या. पहिली, ओलावा मोजण्याचें यंत्र व कोरडें फोडणारें यंत्र संघाच्या खर्चानें आणून सभासदांस माफक भाड्यानें द्यावें. दुसरी, काढणीपूर्वीं ताडपत्र्या एकत्र खरेदी कराव्या; एक पाऊस चुकला कीं त्यांची किंमत वसूल होते. तिसरी व मुख्य गोष्ट, माल घेतांना ओलावा पाहून भाव ठरवावा. जो शेतकरी प्रामाणिकपणें आठ टक्क्यांपर्यंत वाळवितो त्याचें वजन घटतें, आणि जो ओला माल आणतो त्यास त्याच भावानें अधिक रुपये मिळतात. अशी उलटी रीत चालूं आहे तोंवर कितीहि व्याख्यानें दिलीं तरी उपयोग थोडाच होईल. वाळलेल्या मालास चढा भाव मिळूं लागला तर उपदेशाची गरज फारशी उरणार नाहीं.

वाचकांच्या सोयीसाठीं मुख्य नियम एकत्र देतों.

१. शेंगा भरतांना पिकास पाण्याचा ताण पडूं देऊं नये. काढणी वेळेवर करावी.
२. ओल्या वेलांचा ढीग घालूं नये. शेंगा वर करून वाळवाव्या.
३. खुळखुळ, साल व कट्कन मोडणें या तीन खुणा व खुणेच्या पाटीचें वजन पाहिल्यावांचून पोतें शिवूं नये.
४. फोडतांना पाणी शिंपडूं नये. साठवण शेंगांच्या रूपानें करावी.
५. पोतीं फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीं व महिन्यांतून एकदां तपासावीं.
६. डागी दाणे निवडून नष्ट करावे. माणूस, गुरूं किंवा घाणा यांपैकीं कोठेंहि ते जाऊं देऊं नयेत.

यांपैकीं पहिल्या पांच नियमांस थोडे श्रम व थोडा पैसा लागतो. सहाव्यास मनाचा निश्चय लागतो, कारण तें नुकसान आपल्या पदरीं पडतें आणि त्याचा लाभ पुष्कळदां दुसऱ्याच्या मुलास होतो. शेतकऱ्यानें पिकविलेलें धान्य कोण खाणार हें त्यास कधींच ठाऊक नसतें. म्हणून तें आपल्याच घरीं खाल्लें जाणार आहे असें समजून त्यानें पोतें भरावें, एवढीच या लेखकाची आपल्या बंधूंस विनंति आहे.